शनिवारची रेड वाईन आणि एआय चिपची वही

कृत्रिम बुद्धिमत्तेला (एआय) लागणाऱ्या चिपचे आराखडे करणाऱ्या एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीचे तिमाही निकाल आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर येतात. अमेरिकेत उन्हाळी वेळ लागू असते तेव्हा, म्हणजे मे आणि ऑगस्टच्या निकालांच्या वेळी, बेळगावच्या घड्याळात रात्रीचे पावणेदोन वाजून गेलेले असतात. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत त्यात तासाची भर पडते, आणि नंतरची अधिकारी व विश्लेषक यांच्यातली प्रश्नोत्तरे ऐकायची म्हटली तर पहाटेचे साडेतीन होतात. अशा वेळी हातात पेला घेऊन जागत बसण्यात ना वाईनची चव कळते, ना आकड्यांचा अर्थ लागतो. ज्यांना या दोन्ही गोष्टींची आवड आहे त्यांनी शनिवारची संध्याकाळ धरावी. शुक्रवारचा अमेरिकी बाजार आपल्याकडे शनिवारी पहाटे बंद होतो, तैवानचा आणि मुंबईचा त्याआधीच बंद झालेला असतो, आणि सोमवारपर्यंत सहसा कोठेही काही विकत घेता येत नाही. वाचायला सगळे हाताशी आहे आणि करायला काहीच नाही, अशी आठवड्यातली हीच एक वेळ.

हा नियम मी एका चुकीनंतर घालून घेतला. एका मंगळवारी रात्री, दुसरा पेला संपता संपता, मोबाईलवर आलेल्या बातमीवरून मी एका मेमरी चिप कंपनीचे शेअर घेतले. सकाळी पाहिले तर ती बातमी मी अर्धीच वाचली होती. कारखान्याच्या विस्ताराचीच ती बातमी होती, पण विस्तार पुढे ढकलल्याची.

आता बाटलीविषयी. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या बऱ्याच जणांची रेड वाईनशी पहिली ओळख गोव्याच्या पोर्ट वाईनने झालेली असते. ती गोड असते, थंडगार करून प्यायली जाते, आणि तिची सवय झालेल्या माणसाला कोरडी रेड वाईन पहिल्या घोटाला तुरट, आंबट आणि काहीशी फसवणूक झाल्यासारखी वाटते. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणाऱ्या टॅनिनचा असतो, आणि त्याची गोडी लागायला तीन-चार बाटल्या जाव्या लागतात. म्हणून सुरुवात कॅबर्ने सोव्हिन्यॉन या द्राक्षजातीच्या वाईनने न करता शिराझ जातीच्या वाईनने करावी; तिच्यात फळाचा आणि मिरीचा वास ठळक असतो आणि ती नवख्या जिभेला लवकर आपलीशी वाटते. नाशिकच्या सुलाची, अकलूजच्या फ्राटेलीची, नंदी हिल्सच्या पायथ्याच्या ग्रोव्हरची किंवा हंपी परिसरातल्या क्रस्माची बाटली मिळाली तर परदेशी लेबलाच्या मागे धावण्याचे कारण नाही. फ्राटेलीने सांजोव्हेसे ही इटालियन जात सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हात लावली, आणि तिचा थोडा आंबटसर पिंड आपल्या जेवणाशी चांगला जुळतो, असे माझे मत आहे.

लेबलावरचे वर्ष हे द्राक्षे तोडल्याचे वर्ष असते. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. अथणीकडच्या बागायतदाराला हे सांगण्याची गरज नाही, जरी त्याची द्राक्षे वाईनकडे न जाता बेदाण्याच्या शेडकडे जात असली तरी. खरे तर कर्नाटक सरकारने २००७ साली वाईन धोरण आणले, तेव्हा बेळगाव, बागलकोट आणि विजयपूर हे जिल्हे कृष्णा खोऱ्याचा वाईनपट्टा म्हणून डोळ्यांसमोर होते. साध्या, मध्यम किमतीच्या भारतीय रेड वाईनसाठी तोडणीला दोन ते चार वर्षे झालेली बाटली घ्यावी. त्याहून जुनी बाटली दुकानात उभी दिसली तर ती मुरलेली नसून बहुधा विसरलेली असते.

आपल्या ‘वाईन शॉप’मध्ये वाईन एका कोपऱ्यात असते आणि बाकी सगळे दुकान व्हिस्कीचे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कोपऱ्यातही काचेजवळची, दुपारचे ऊन खाणारी बाटली टाळावी आणि आतल्या खोक्यातली मागून घ्यावी. दुकानदार कुरकुरतो, पण देतो. चोर्ला घाटातून गोव्याची स्वस्त बाटली गाडीत टाकून आणण्याचा मोह परवाना नसेल तर आवरावा, कारण राज्याच्या हद्दीवरची अबकारी तपासणी वाईनला वेगळा न्याय देत नाही.

रेड वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी होता. तिला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवते, आणि एप्रिलमधल्या शहापूरच्या माडीवर हे तापमान मिळणे शक्य नाही. म्हणून उन्हाळ्यात उघडण्यापूर्वी अर्धा तास आणि पावसाळ्यात पंधरा मिनिटे बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. गरम रेड वाईनमध्ये फक्त दारू नाकाला झोंबते, आणि फार थंड केली तर तुरटपणा तेवढा उरतो. पेला पोटाकडे रुंद आणि तोंडाशी थोडा आवळलेला असावा, तो एक तृतीयांशाच्या वर भरू नये, आणि पहिला घोट घेऊन बाजूला ठेवून द्यावा. हवेशी संपर्क आल्यावर तीस-चाळीस मिनिटांत वाईनचा वास आणि चव दोन्ही बदलतात. आपल्या कामाचा अर्धा भाग या चाळीस मिनिटांत होतो.

या वेळात उघडायची ती साधी दोनशे पानी वही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून आठवडाभरात जमवलेले कागद किंवा लॅपटॉपवरच्या मूळ फाइली वाचाव्यात. बातम्या वाचू नयेत असे नाही, पण बातमीत आकडा एकच असतो आणि कंपनीच्या निवेदनात त्या आकड्याच्या मागचे-पुढचेही असतात.

वहीत काय टिपावे, हे मला बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचा व्यवसाय करणाऱ्या एका स्नेह्यांमुळे नीट कळले. चिप घडवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसी या कंपनीला ‘फाउंड्री’, म्हणजे ओतशाळा, म्हणतात हे ऐकून ते म्हणाले, “म्हणजे पॅटर्न गिऱ्हाइकाचा, आणि कास्टिंग आपलं. मग रिजेक्शन कुणाच्या डोक्यावर, ते पहिल्यांदा बघा की वो.” सेमीकंडक्टरच्या, म्हणजे चिपच्या, धंद्याचे यापेक्षा नेमके वर्णन मी वाचलेले नाही. १९८७ साली मॉरिस चँग यांनी टीएसएमसी स्थापन केली ती याच तत्त्वावर, की चिपचा आराखडा दुसऱ्याने करावा आणि घडवण्याचे काम आपण करावे. १९९३ साली जेन्सन हुआंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या एनव्हिडियाकडे चिप घडवण्याचा स्वतःचा कारखाना नाही. तिची २०२२ सालची एच१०० ही चिप, जिच्यात ८१४ चौरस मिलीमीटरच्या तुकड्यावर ८० अब्ज ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेच्या सूक्ष्म कळा, आहेत, टीएसएमसीनेच घडवली. आणि कास्टिंग जितके मोठे तितकी त्यात कोठेतरी पोकळी राहण्याची शक्यता अधिक, हा उद्यमबागेतला अनुभव, चिप जिच्यातून कापल्या जातात त्या सिलिकॉनच्या चकतीलाही जसाच्या तसा लागू पडतो. म्हणून नवी चिप जाहीर झाल्याची बातमी आली, की वहीत पहिला प्रश्न असा लिहावा की ती चांगल्या प्रमाणात बिनदोष निघू लागली आहे का, आणि तिला लागणारी एचबीएम नावाची थरांची मेमरी कोण देत आहे. ती मेमरी मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या प्रामुख्याने तीनच आहेत, एसके हायनिक्स, सॅमसंग आणि मायक्रॉन. मेमरी मिळाली नाही तर चिप तयार असूनही गाडी अडते.

वहीचे दुसरे पान टीएसएमसीच्या मासिक महसुलासाठी राखावे. ही कंपनी दर महिन्याच्या १० तारखेच्या आसपास मागच्या महिन्याची विक्री जाहीर करते, आणि एवढ्या मोठ्या उद्योगाची नाडी दरमहा फुकटात पाहायला मिळण्याचे असे ठिकाण दुसरे क्वचितच असेल. एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नये. तैवानचे चांद्र नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत मागेपुढे होते आणि त्या दोन महिन्यांचे आकडे त्यामुळे हलतात. तीन महिन्यांची बेरीज करून मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहावी. या पानाच्या खाली नेदरलँड्सच्या एएसएमएलसाठी दोन ओळी सोडाव्यात. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने चिपची नक्षी छापणारी यंत्रे व्यापारी स्तरावर विकणारी ही एकच कंपनी आहे, त्यामुळे तिच्याकडे आलेल्या मागण्या पुढच्या दोन-तीन वर्षांतल्या कारखान्यांची चाहूल देतात. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे निकाल चुकून एक दिवस आधी प्रसिद्ध झाले आणि त्यातल्या मागण्यांचा आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाल्याने शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के पडला, ही नोंद माझ्या वहीत लाल शाईत आहे.

यानंतर खर्च करणाऱ्यांचे पान. मायक्रोसॉफ्ट, गूगलची मालक अल्फाबेट, ॲमेझॉन आणि फेसबुकची मालक मेटा यांच्या भांडवली खर्चातून या चिप विकत घेतल्या जातात, म्हणून चिप कंपन्यांच्या बढाईपेक्षा या गिऱ्हाइकांच्या खिशाकडे लक्ष ठेवणे शहाणपणाचे. अल्फाबेटने २०२५ सालच्या खर्चाचा अंदाज वर्षाच्या सुरुवातीला ७५ अब्ज डॉलर दिला होता, जुलैत तो ८५ अब्ज झाला आणि ऑक्टोबरमध्ये ९१ ते ९३ अब्जांवर गेला. अंदाज वर जात असतो तोवर एनव्हिडियाच्या मागणीविषयी फारशी शंका उरत नाही, आणि तो पहिल्यांदा खाली येईल त्या तिमाहीत तुमची वही उघडी असली पाहिजे.

पण आकडा वाढला एवढ्यावर समाधान मानू नये. एनव्हिडियाचा महसूल जानेवारी २०२३ अखेरच्या वर्षात २७ अब्ज डॉलर होता, पुढच्या वर्षी तो ६०.९ अब्ज झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी १३०.५ अब्ज. या वाढीच्या पोटात शिरून पाहिले तर जुलै २०२५ अखेरच्या तिमाहीत दोनच थेट ग्राहकांकडून ३९ टक्के महसूल आला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमध्ये टप्प्याटप्प्याने १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक करण्याचा मनोदय जाहीर केला, आणि ओपनएआय त्याच एनव्हिडियाच्या चिपवर चालणारी डेटा केंद्रे उभारणार, असे तेव्हा सांगितले गेले. रविवार पेठेतल्या कोणत्याही घाऊक व्यापाऱ्याला विचारा. आपल्याच पैशाने गिऱ्हाइकाला आपला माल घ्यायला लावणे हा काही गुन्हा नव्हे आणि कधीकधी त्यातून पेठ वाढतेही, पण तेवढ्या विक्रीचा आनंद वसुली होईपर्यंत जरा बेतानेच मानायचा असतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दूरसंचार यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकांना अशीच उधारी देऊन विक्री फुगवली होती.

एव्हाना पेला पुन्हा हातात घ्यावा. पहिल्या घोटाला जी वाईन बंद मुठीसारखी होती ती आता थोडी सैलावलेली जाणवेल. दोन्ही वेळची चव वहीच्या समासात एकेका ओळीत लिहून ठेवावी, “आधी: शाई, तुरट” आणि “नंतर: जांभूळ, मिरी” इतके पुरते. दुसऱ्याची वर्णने उसनी आणू नयेत. काळ्या करंट या विलायती फळाचा वास आपल्यापैकी किती जणांनी घेतला आहे? जांभूळ, करवंद, चिंच, ओली माती, विड्याचे पान, बिडीचा तंबाखू हे वास आपल्या नाकाला पाठ आहेत. त्यातला शेवटचा निपाणीकरांना तर शिकवावाच लागत नाही.

बरोबर काय खावे याविषयी माझी मते ठाम आहेत. तांबडा रस्सा नको, कारण दारू आणि तुरटपणा यांमुळे मिरचीचा जाळ वाढतो आणि दोघांचेही नुकसान होते. कुंदाही नको, करदंटही नको. गोडानंतर कोरडी वाईन नुसती आंबट लागते, मग दोष वाईनला दिला जातो. सुके मटण, ज्यात तिखट बेताचे आणि भाजलेले खोबरे भरपूर असेल, उत्तम. चरबी आणि मीठ तुरटपणाला गप्प करतात, एवढा एकच नियम लक्षात ठेवला तरी काम भागते. शाकाहारी घरात भरली वांगी किंवा तूप लावलेले थालीपीठ चालते, आणि काहीच नसेल तर चंदगडकडचे खारे भाजके काजू.

७५० मिलीलीटरच्या बाटलीत १५० मिलीलीटरचे पाच पेले होतात. दोघांनी एकेक, फार तर दीड घ्यावा आणि बूच लावावे. रेड वाईन हृदयाला चांगली असते या समजुतीचा आधार घेऊन पेले वाढवू नयेत; मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे. आवडते म्हणून थोडी प्यावी, औषध म्हणून नव्हे, आणि त्यानंतर गाडीला हात लावू नये.

दुसऱ्या पेल्याच्या सुमारास वाईट दिवसांची पाने वाचावीत. २७ जानेवारी २०२५ रोजी चीनच्या डीपसीकने कमी खर्चात तयार केलेल्या एआय मॉडेलच्या चर्चेने एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के घसरला आणि तिच्या बाजारमूल्यातले जवळजवळ ६०० अब्ज डॉलर नाहीसे झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एनव्हिडियाने चीनसाठी खास बनवलेल्या एच२० चिपच्या निर्यातीवर अमेरिकी सरकारने परवान्याची अट घातली, आणि पडून राहिलेल्या मालापोटी कंपनीला अब्जावधी डॉलरची तरतूद करावी लागली. आणखी मागे गेले तर सिस्कोचे उदाहरण आहे. इंटरनेटची यंत्रे बनवणारी ही कंपनी खरी होती, तिचा माल खरा होता, इंटरनेटही वाढलेच, आणि तरीही मार्च २००० मधला तिच्या शेअरचा भाव पुढची दोन दशके उलटून गेली तरी परत दिसला नव्हता. तंत्रज्ञान बरोबर ठरणे आणि दिलेला भाव बरोबर ठरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहे.

प्रत्यक्ष गुंतवणुकीचा विचार शनिवारी करायचा नाही, पण तयारी म्हणून मार्ग माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. गुंतवणुकीसाठी पाठवलेली रक्कम वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेली की त्यावरच्या भागावर २० टक्के टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो, जो विवरणपत्र भरताना हिशेबात धरता येतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. परदेशी शेअर २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर लागतो, लाभांशातून अमेरिकेतच २५ टक्के कापले जातात, आणि विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात प्रत्येक शेअर दाखवावा लागतो. हा तक्ता विसरणारे फार आहेत. बेळगावातल्या आपल्या सनदी लेखापालांना मार्चच्या आधीच गाठावे. अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर गेली तर वारसाकराचा प्रश्नही उभा राहतो. हा खटाटोप नको असलेल्यांना अमेरिकेतल्या नॅस्डॅक १०० निर्देशांकावर चालणारे भारतीय ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात विकत मिळणारे फंड, आहेत, मात्र परदेशी गुंतवणुकीवरच्या मर्यादेमुळे त्यांचे युनिट कधीकधी मूळ मूल्यापेक्षा बरेच महाग विकले जातात. भाव आणि एनएव्ही, म्हणजे युनिटचे मूळ मूल्य, शेजारी शेजारी लिहून पाहिल्याशिवाय ते घेऊ नयेत.

भारतीय शेअरांना लावल्या जाणाऱ्या ‘एआय चिप’ या बिरुदाकडे मी संशयाने पाहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेला टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांचा गुजरातमधल्या धोलेऱ्यातला ९१,००० कोटी रुपयांचा प्रकल्प देशासाठी महत्त्वाचा आहे, पण तो २८ नॅनोमीटर आणि त्यापुढच्या जाडसर नक्षीच्या चिपसाठी आहे; साणंदमधले प्रकल्प जुळणी आणि चाचणीचे. एच१०० च्या वर्गातली चिप तेथे होणार नाही. शिवाय कारखाना वेलीसारखाच असतो, लावल्याबरोबर फळ देत नाही. टीएसएमसीने ॲरिझोनातला कारखाना मे २०२० मध्ये जाहीर केला आणि त्यातून मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू व्हायला २०२४ ची अखेर उजाडली.

शनिवारी वही मिटताना एकच वाक्य लिहावे, या आठवड्यात माझे कोणते मत बदलले आणि कशामुळे. बदलले नसेल तर तसेच लिहावे. उरलेल्या बाटलीला बूच किंवा स्क्रू कॅप घट्ट लावून ती फ्रिजमध्ये उभी ठेवावी. तीन-चार दिवस ती पिण्याजोगी राहते. सोमवारी संध्याकाळी अमेरिकी बाजार आपल्या सातला किंवा हिवाळ्यात आठला उघडतो, तेव्हा चहा घेऊन ते वाक्य पुन्हा वाचावे, आणि ते अजूनही पटत असेल तरच मोबाईल हातात घ्यावा. मंगळवारी जेवताना बाटलीतला तिसरा पेला काढावा. बुधवारपर्यंत आंबूस वास येऊ लागला, तर उरलेली वाईन मटण मुरवायला वापरावी. वाटणात दही मग थोडे कमी घालावे लागते.